खोलीतलं बोलणं

“आता त्या जे बोलल्या, ते त्यांच्याच शब्दांत परत सांगा,” मी म्हणाले. “तुमचं मत नको, खुलासा नको. फक्त त्यांचं बोलणं.”

प्रमोदभाऊ खुर्चीत सरसावून बसले. शेजारच्या खुर्चीत त्यांची बायको, कल्पनाताई, पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. सुरतेत भेस्तानला राहणारं हे खान्देशी जोडपं. भाऊ जवळच्याच सचिन औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसमध्ये सुपरवायझर, आणि सुरतेतल्या त्यांच्या समाजमंडळाचे सेक्रेटरी. मी जोडप्यांची समुपदेशक. मूळची धुळ्याची, म्हणून आमच्या क्लिनिकमध्ये आपल्याकडची माणसं आली की मोठे डॉक्टरसाहेब त्यांना माझ्याकडे पाठवतात.

कल्पनाताई त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या होत्या. सातव्या महिन्यात त्यांचं बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातून घरी आल्या आणि छाती दुधाने भरून आली. प्यायला कोणी नाही. मोरीत बसून त्या दूध पिळून टाकायच्या, वरून पाणी ओतायच्या, आणि डोळे पुसून स्वयंपाकाला लागायच्या. घरात कोणी काही विचारलं नाही. त्याच दिवसांत मंडळाने भाऊंचा सत्कार ठेवला होता. भाऊ गेले. परत आल्यावर शाल बायकोच्या हातात दिली आणि नीट घडी करून ठेव म्हणाले.

हे सांगता सांगता त्या मराठीवरून घरच्या अहिराणीवर कधी आल्या, त्यांनाही कळलं नाही. मी मध्ये बोलले नाही. माणूस घरच्या बोलीत शिरला की खरं बोलायला लागतो, हा माझा अनुभव आहे.

एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं, ही आमच्या कामातली जुनी कसरत. भांडणात कोणीच कोणाचं ऐकत नसतं. परत म्हणायचं असेल तर ऐकावंच लागतं. बहुतेक नवरे दुसऱ्याच वाक्याला “पण मॅडम” करून घसरतात. भाऊंनी एक शब्द चुकवला नाही. अहिराणीतलं अहिराणीत म्हटलं. बायकोचा आवाज जिथे कापला होता, तिथे आपलाही कापरा केला. कल्पनाताई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. त्या नजरेत काय होतं ते मला आजही आठवतं. आशा होती, दुसरं काय.

“हे ऐकून तुम्हाला काय झालं?” मी भाऊंना विचारलं.

“बरं वाटलं. शेवटी माझ्यासमोरच मोकळी झाली ना! दुसऱ्या कोणाला जमलं असतं का मॅडम?”

माझं पेन थांबलं.

काही माणसांच्या स्वभावात एक गोष्ट असते, तिला आम्ही नार्सिसिस्टिक ट्रेट्स म्हणतो. ट्रेट्स म्हणजे स्वभावाचे कल, आजाराचं लेबल नव्हे. ते लेबल असं उठून कोणाला चिकटवायचं नसतं. अशा माणसाला सतत कौतुक लागतं, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीच्या मधोमध तो स्वतः लागतो. कल्पनाताईंना ताप आला, तरी भाऊंच्या तोंडी गोष्ट असायची ती स्वतः काढा कसा केला याची. वाईट माणूस म्हणाल तर तसंही नाही. समाजात कोणाची मयत झाली तर सगळ्यांच्या आधी भाऊ हजर. फक्त बायकोचं दुःख हे बायकोचं असू शकतं, हे काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं.

सेशन संपताना मी दोघांना नेहमीचा नियम पुन्हा सांगितला. या खोलीतलं या खोलीत. आईला नाही, भावाला नाही, मित्राला तर अजिबात नाही. भाऊ म्हणाले, “मॅडम, आपला शब्द म्हणजे शब्द.” कल्पनाताईंनी नुसती मान हलवली.

थोड्याच दिवसांत भेस्तानला एका समाजाचा वधू-वर मेळावा होता. ‘लग्नाआधी काय बोलावं’ या विषयावर मी दोन शब्द बोलावेत, असं तिथल्या अध्यक्षांनी साहेबांना सांगून ठेवलं होतं. मंडळाचं नाव लांबलचक होतं, मी नीट वाचलं नाही. हॉलच्या दारात एक बाई येणाऱ्या मुलींना गुलाबाचं फूल देत होती. जवळ गेले तर कल्पनाताई. दोघीही क्षणभर गडबडलो. मग त्यांनी अनोळखी पाहुण्याला द्यावं तसं मला फूल दिलं, मी अनोळखी माणसाकडून घ्यावं तसं घेतलं. आमच्या धंद्याची ही रीत आहे. क्लायंट बाहेर भेटला तर त्याने ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही.

स्टेजवर सूत्रसंचालनाला प्रमोदभाऊ. माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. मग मुलामुलींनी स्टेजवर येऊन आपापला परिचय दिला. एका मुलीने ‘अपेक्षा’ सांगताना “समजून घेणारा नवरा हवा” म्हटलं, आणि भाऊंनी माईक तोंडाशी घेतला.

“समजून घेणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला माझ्याच घरचं उदाहरण देऊन सांगतो.”

मला वाटलं, काढ्याची गोष्ट येणार. ती आली नाही. बाळ आलं. मोरी आली. दूध आलं.

भाऊंनी सगळं सांगितलं, शब्दन् शब्द, कापऱ्या आवाजासकट. त्या खोलीत माझ्यासमोर म्हटलं होतं तसंच. पुढच्या रांगेत सासरे, दीर, गावाकडचे मामेसासरे बसलेले. ज्यांच्यासमोर त्या बाईने आयुष्यात डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांच्यासमोर तिच्या छातीतल्या दुधाचं वर्णन माईकवरून चाललं होतं. आणि शेवटी भाऊंनी आपल्या पदरची भर घातली. “मी रोज त्या मोरीच्या दारात उभा राहायचो. म्हणायचो, रड, मी आहे.”

बायका डोळे पुसायला लागल्या. मग टाळ्या, आणि त्या थांबेनात.

मी शाल पांघरून तिथेच बसून होते. माझ्यासमोरही एक माईक होता. “हे खोटं आहे” म्हणावं, तर ही दोघं माझ्याकडे येतात हे जाहीर होतं. “हे सांगायचं नव्हतं” म्हणावं, तरी तेच. त्या हॉलमध्ये खोलीचा नियम पाळायला बांधलेली मी एकटीच होते. इतका संताप मला त्याआधी कधी आला नव्हता आणि इतकी लाचारही मी कधी झाले नव्हते.

भाऊंनी बायकोला स्टेजवर बोलावलं. कल्पनाताई आल्या. हातात उरलेली गुलाबाची फुलं तशीच होती. भाऊंनी त्यांच्या तोंडापुढे माईक धरला. “बोला, दोन शब्द.”

कल्पनाताईंनी खाली बघत सांगितलं, “त्यासनी सांगं तसंच शे.” त्यांनी सांगितलं तसंच आहे. पुन्हा टाळ्या.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे सगळं मांडलं. ते गुजराती, मोजकं बोलणारे. जरा वेळ कपाळ चोळत राहिले आणि म्हणाले, “बेन, जॉइंट बंध करो.” जॉइंट म्हणजे जोडप्याचं एकत्र सेशन. खोलीत बोललेलं बाहेर एकाच्या अंगावर उलटत असेल, तर एकत्र बसवणं थांबवायचं, हा आमच्याकडचा रिवाज आहे.

पुढच्या वेळी भाऊ मोबाईल पुढे करतच आत शिरले, मागून कल्पनाताई. “मॅडम, क्लिप बघितली का? पार शिरपूरपर्यंत फिरतेय!”

“आजपासून एकत्र सेशन बंद,” मी म्हणाले. “त्या दिवशी जे सांगितलंत, ते तुमचं नव्हतं.”

“माझं नव्हतं? माझी बायको, माझं लेकरू!”

“दारात उभे होतात?”

“मॅडम, लोकांना सांगताना थोडं इकडेतिकडे होतंच. लोक रडले की नाही? आम्ही तर तुमची सक्सेस स्टोरी आहोत!”

भाऊंसाठी मी दुसऱ्या समुपदेशकाचं नाव सुचवलं. “मला कशाला?” भाऊ हसले. “हिला बघा. हल्ली बोलतच नाही.” 

कल्पनाताई त्यानंतर एकदाच एकट्या आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या. मग म्हणाल्या, “ताई, तेवढंच एक मनं व्हतं. ते बी वाटी दिधं.” तेवढी एकच गोष्ट माझी होती, तीही वाटून टाकली. मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला, त्यांनी तो घेतला नाही. पुढच्या वेळेसाठी फोन केला तेव्हा “बघू, ताई” म्हणाल्या. आमच्याकडे याचा अर्थ नाही असाच होतो. फाइल बंद झाली. संसार चालू आहे. भाऊ आता मंडळाचे अध्यक्ष आहेत.

कसरत मी अजून करून घेते, पण बिनचूक परत म्हणणाऱ्या माणसाचं कौतुक करत नाही. ऐकणं आणि पाठ करणं बाहेरून सारखंच दिसतं. दोघांना एकत्र बसवण्याआधी आता प्रत्येकाला वेगवेगळं भेटते आणि विचारते, इथलं बाहेर गेलं तर तुमचं काय जाईल? नियम सगळेच कबूल करतात. ज्याचं जाण्यासारखं काहीच नसतं, तो जरा लवकर करतो.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा आधी कल्पनाताईंना फोन केला. नाव बदलीन, गाव बदलीन, तुम्ही नको म्हणालात तर एक ओळही लिहिणार नाही, असं सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करून त्या परत आल्या.

“लिखा, ताई,” त्या म्हणाल्या. “पन एक लिखज्या. मोरीना दारमा कोनी नव्हतं.”

लिहिलं आहे. मोरीच्या दारात कोणी नव्हतं.