वहाणा हातात घेणारे मास्तर

सोलापुरात मी गिरणीच्या हजेरीखात्यात कारकून होतो. गिरणीच्या शाळेचे मास्तर रोज माझ्या खिडकीवरून जात आणि भर थंडीतही म्हणत, "लई गरम हाय की आज!" अर्धा दिवस सूतखात्यात राबलेली पोरं भोंगा झाला की त्यांच्याकडे शिकायला येत आणि पाटी पुढ्यात घेऊन झोपून जात. मास्तर करकरणाऱ्या वहाणा दारातच काढून हातात घेत आणि हलक्या आवाजात पाढे म्हणत.

"कुणीच जागं नाही, मग पाढे कशाला?" मी एकदा विचारलं.

"एखादं मधीच जागं झालं तर? त्याला वाटाया नगं, शाळा बुडाली."

मग मुंबईहून कायदे कौन्सिलची कमिटी शाळा तपासायला आली. शिक्षण आणि कामगार, दोन्ही विषय तिच्याकडे. मास्तरांनी तिला दारातच थोपवलं. "हळू बोला, सायेब. आत्ताच डोळा लागलाय."

एका सभासदानं मला बाजूला घेतलं. "मुलं रोज अशीच झोपतात?"

"होय," मी म्हणालो. ती पहाटे कितीला कामाला लागतात, ते माझ्या हजेरीबुकात होतं. त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शाळा निरुपयोगी, असा शेरा आला. वर्गात कापसाच्या गाठी रचल्या आणि मास्तरांना माझ्यासमोर पोरांची कामावरची हजेरी लिहायला बसवलं. गरम होतंय, असं ते मला पुन्हा कधी म्हणाले नाहीत. त्या बंद दारावरून जाताना मात्र ते वहाणा काढून हातात घेत.