पाच ओळींच्या बाई

आमच्या ऑफिसात वेबसाइटची पानं बनवणाऱ्या एक बाई होत्या. आम्ही पाठीमागे त्यांना ‘पाचओळी’ म्हणायचो. पूर्वीच्या टायपिस्ट, चाळिशी उलटल्यावर सीएसएस, म्हणजे पानाची मांडणी-सजावट लिहायची भाषा, शिकलेल्या. पानावरची एखादी चौकट अलगद सरकवायची, तर ट्रान्झिशनची एकच ओळ त्या पाचदा लिहायच्या. वेबकिट, मोझ, एमएस, ओ अशी एकेका ब्राउझरची खूण पुढे लावून चार आणि पाचवी बिनखुणेची. मग टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरवरही पान उघडून बघायच्या, त्याशिवाय घरी जात नसत. "कुणाकडे कुठला ब्राउझर असेल, आपल्याला काय ठाऊक बाबा," असं मला म्हणायच्या.

मला या सगळ्याचा भारी कंटाळा. एका दवाखान्यासाठी त्यांनी नंबर लावायचं पान केलं होतं. बटण दाबलं की फॉर्म सरकत यायचा आणि सरकून थांबला की भरायला खुला व्हायचा. साहेबांपुढे शहाणपणा मिरवायला मी बाईंना न विचारता फाइल ‘साफ’ केली. माझ्या ब्राउझरची ओळ ठेवली, बाकीच्या चार उडवल्या. माझ्याकडे फॉर्म झकास सरकला. दुसरीकडे उघडून बघायची तसदी मी घेतली नाही.

दोन दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. निम्म्या लोकांकडे फॉर्म सरकतच नव्हता, त्यामुळे खुलाही होत नव्हता. साहेबांनी सगळ्यांदेखत बाईंना जाब विचारला.

"मी पाच ओळी लिहिल्या होत्या," बाई म्हणाल्या.

"मग गेल्या कुठे? पाय फुटले त्यांना?"

सगळे हसले. मीही हसलो. इतकी वर्षं झाली, पण ते हसू आठवलं की अजून मान खाली जाते. ‘मी काढल्या’ एवढंच बोलायचं होतं.

"यापुढे बाईंचं प्रत्येक पान तू तपासायचं," साहेब मला म्हणाले. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्या टेबलाशी आल्या. हातात छापून आणलेला कागद, प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने बरोबरची खूण.

"जरा बघतोस का बाबा? पाचही लिहिल्यात ना मी? त्या दिवशीही लिहिल्यासारख्याच वाटत होत्या रे. आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

मी मोजल्या.

"पाच आहेत," म्हणालो. तेवढंच म्हणालो.