खुरांचा चिखल

तान्हा पोळा, सकाळी नऊ. हजर: मी, माझी मुलगी, शेजारचे कारकूनभाऊ आणि टेबलावर त्यांचे मगधाचे सैन्य.

हे सैनिक बोटाच्या पेराएवढे. कारकूनभाऊ भिंगातून एकेकाची मिशी रंगवतात. गोंडपिपरीचे एक मास्तर कलिंगाची फौज घेऊन टेबलावर लढाई खेळायला येणार, असे मी सहा वर्षे ऐकते आहे. "फौज पुरी झाल्याबिगर लढाई कशी होईन, बाई?" असे म्हणत ते ब्रश ओठांत धरून टोक काढतात.

अशा माणसाकडे मुलीचा लाकडी बैल रंगवायला दिला, ही चूक माझीच. त्याला तीन आठवडे झाले. दहा वाजता गल्लीतली मुले आपापले सजवलेले बैल घेऊन देवळापुढे जमणार होती.

त्यांनी बैल पुढे ठेवला. चारही खुरांवर चिखल रंगवला होता आणि बाकी सगळे लाकूड कोरे होते.

"फौजेसंगं नदी उतरून आला हाय हा," ते म्हणाले. "चिखल आधी."

"काका, मी त्याले देवळात नेऊन राह्यली, लढाईले नाई!" मुलगी रडकुंडीला आली.

"आणि शिंगं, भाऊ?" मी विचारले.

"त्या काळी शिंगं रंगवत होते का, थे पाहा लागन."

मी बैल उचलला. खुरांवरचा चिखल पुसायला पदर पुढे नेला, मग तो रंग आहे हे ध्यानात आले, आणि जास्तच राग आला. बाहेर डफडे वाजू लागले. शिंगे रंगवायची राहिली आहेत.