लाखोळीच्या बियाण्यातल्या चकत्या

लेकीचा फोन आला तेव्हा मी पोहे खात होतो. लग्नाआधीची तिची ही आमच्या घरची शेवटची दिवाळी, त्यामुळे फर्माइशी चालल्या होत्या. चिवडा झाला, अनारसे झाले, आणि मग म्हणाली, "बाबा, आपला तो गाड्यांचा गेम आहे ना अजून? शेवटची रेस राहिलीये आपली."

नववीत तिचा पाय मोडला होता. प्लास्टर निघेपर्यंत आम्ही बापलेक खाटेवर बसून कन्सोलवर गाड्या पळवायचो. ती जिंकायची, मी दरीत पडायचो. मग तिची शाळा सुरू झाली आणि बर्फातली शेवटची रेस राहून गेली.

"आहे म्हणजे काय! मूळ डिस्कवर बुरशी चढली ना, पण त्याच्या आधीच मी सगळ्या गेमच्या कॉपी काढून ठेवल्यात. एकदम सेफ," मी छाती काढून सांगितलं. फोन ठेवला, कपाट उघडलं. कॉप्यांचा बिस्किटाचा डबा जागेवर नव्हता.

"तो चकत्याचा डबा?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "गनपतीत भाऊजी आले होते ना, ते घेऊन गेले. मी इचारलं तुमाले. तुमी मॅच पाहून राह्यले होते. हो हो, नेऊ दे, म्हनलं तुमी."

म्हटलं असेन. मॅच चालू असताना मी किडनीही दिली असती.

माझा मोठा भाऊ पोंभुर्ण्याकडे धान पिकवतो. धान भरायला लागलं की पोपटांचे थवे उतरतात, म्हणून आमच्याकडे जुन्या सीड्या दोरीला बांधून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लटकवतात. उन्हात त्या गरगर फिरतात, चमकतात, पाखरं बिचकतात. मी घाबरत घाबरत फोन लावला.

"भाऊ, त्या चकत्या कुठी आहेत?"

"कुठी म्हंजे? बांधीत! अशा चमकून राह्यल्या बे, एक पोपट फिरकत नाई!"

राजुऱ्याहून मोटारसायकल काढली. मागे बायको बसली. मदतीला नव्हे, गंमत बघायला, असं तिनंच सांगितलं. बांधीत पोचलो तर काठीकाठीला चकती. दीड महिना ऊन खाल्लेली डिस्क गेम कशाची दाखवणार! माझा धीर सुटला. तरी चपला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काढून चिखलात उतरलो आणि एकेक चकती उलटून अक्षर वाचू लागलो. दुसऱ्याच काठीपाशी घसरून बसलो. धुऱ्यावर भाऊ, वयनी आणि बायको रांगेत उभे होते. तिघंही हसले.

उठून हातातली चकती वाचली. 'लग्न, भाग दोन.' शेजारची, 'लग्न, भाग एक.' पलीकडे लेकीचं जावळ.

"अहो, हे तर आपलं लग्न!" बायको ओरडली. मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "भाग दोनमध्ये तुमचा नागीन डान्स हाय. म्हनून पोपट येऊन नाई राह्यले. राहू द्या तिथंच."

"पण गेमच्या कुठी गेल्या?" मी चिखलातूनच विचारलं.

भाऊ म्हणाला, "डब्यातल्या खालच्या थप्पीवर तूच लिवलं होतं ना, हात लावू नये. मंग मी कायले लावू?"

"लाखोळीच्या बियात ठेवल्या," वयनी म्हणाल्या. "तिथी ना ओल जात, ना उंदीर. कडुनिंबाचा पाला हाय वरून. या आठवड्यात पेरनार होतो, तवा निघाल्याच असत्या."

भावाच्या घरी जाऊन लाखोळीच्या डाळीचं बियाणं भरलेल्या ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घातला आणि डबा लागला. त्या क्षणी मी वयनींच्या पाया पडलो. चिखलासकट. त्यांनी ओसरी पुन्हा सारवली, ते वेगळं.

पण डबा सापडणं वेगळं आणि कॉपी चालणं वेगळं. कन्सोलवर गेमचं नाव आलं तरी डिस्क पुढे कुठेही रुसू शकते. म्हणून घरी येऊन लॅपटॉपला बाहेरून जोडायचा डिस्क ड्राइव्ह शेजाऱ्यांकडून आणला आणि एकेक डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत हार्डडिस्कवर उतरवू लागलो. पूर्ण उतरली तर चांगली, मधेच अडकली तर गेली. क्रिकेटची गेली. तिला कोणी विचारलंही नव्हतं. गाड्यांची डिस्क अर्ध्यात कुरकुरली, थांबली. मीही श्वास घ्यायचा थांबलो. मग पुन्हा फिरली आणि शेवटपर्यंत उतरली. ड्राइव्ह उघडल्यावर कडुनिंबाचा वास आला.

तरी खात्री म्हणून कन्सोलवर लावून पाहिली. बरंच पाहिली.

"हे तपासनं हाय का खेळनं?" बायकोनं विचारलं.

"तपासणं."

"मंग जीभ काऊन बाहेर काढली?"

बर्फातल्या रेसला मात्र मी हात लावला नाही. ती दोघांची होती.

दिवाळीत लेक आली, फराळाची ताटली मांडीवर घेऊन खाटेवर बसली. जुना खेळ कुठवर आला होता ते कन्सोलनं जपून ठेवलेलंच होतं. बर्फ पडू लागला, गाड्या सुटल्या, आणि पहिल्याच वळणावर मी सरळ खाली गेलो.

"बाबा! अजून तिथंच पडता तुम्ही!"

तिथंच पडलो. दरी जागच्या जागी होती, अगदी शाबूत. इतक्या आनंदात मी आयुष्यात कुठे पडलो नव्हतो.