पुढची चाकं का फिरेनात

चढाच्या मध्यावर गाडी थांबली. मागची चाकं मुरुमावर जागच्या जागी फिरू लागली आणि पुढची ढिम्म. शेजारी पाणीपुरवठ्याच्या ज्युनियर इंजिनियर सोनटक्के मॅडम बसल्या होत्या. मी फोर-व्हीलचा लिव्हर दोनदा काढून पुन्हा टाकला. काही फरक नाही. गाडी मागे घसरायला लागली तेव्हा मॅडमनी दाराची कडी घट्ट धरली.

"वानखडे, गाडी फोर बाय फोर आहे म्हणाला होता ना?"

"आहे मॅडम."

"मग चढत का नाही?"

मी गाडी रिव्हर्समध्ये सांभाळत खाली आणली.

मी अमरावतीचा. विहिरीतले, बोअरमधले पंप बसवणं आणि बिघडले की काढणं हा माझा धंदा. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली सब-कॉन्ट्रॅक्ट केलं. काम माझं आणि बोर्डावर नाव त्यांचं. या वेळी पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या नावावर काम येत होतं: मेळघाटातल्या सहा गावांच्या पंपांची देखभाल. अट एकच. सगळ्यात वरच्या गावापर्यंत मोटर आणि पाइप नेणारी गाडी ठेकेदाराची स्वतःची हवी.

"सोमवारी सकाळी मी पुन्हा येते," मॅडम म्हणाल्या. "गाडी वर गेली तर वर्क ऑर्डर. नाहीतर टेंडरमधल्या दोन नंबरवाल्याला बोलवावं लागेल."

तो गुरुवार होता.

गाडी वीस वर्षांची, सरकारी लिलावात घेतलेली. ज्यांना अशा गाडीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. सपाट रस्त्यावर इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. चढावर छोटा लिव्हर ओढला की तीच ताकद पुढेही जाते. ही वाटणी करणारा एक लोखंडी डबा गाडीच्या पोटाखाली असतो, त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. डब्यातून एक लांब शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, पुढच्या अॅक्सलकडे, म्हणजे चाकांच्या आसाकडे जातो. आणि पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध वाटीएवढं झाकण असतं, ते हब. त्यावरची चकती हाताने 'लॉक'वर फिरवली की अॅक्सल चाकाला जोडला जातो. 'फ्री'वर ठेवली की चाक मोकळं. गुरुवारी दोन्ही चकत्या लॉकवरच होत्या.

शुक्रवारी गाडी बाबाराव मेटेच्या गॅरेजवर नेली. मेटे माझा जुना मेकॅनिक. पावसाळ्याआधी पुढच्या चाकांचं ग्रीसिंगही त्याच्याकडूनच करून घेतलं होतं. तो गाडीखाली गेलासुद्धा नाही. लिव्हर दोनदा हलवला, फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "ट्रान्सफर केस गेली, भाऊ."

"न खोलताच?"

"पंचवीस वर्षं हेच करून राहिलो. अकोल्याले भंगारात डबा भेटला त पाहा. नाही त गाडी मले देऊन टाका. वावरात ट्रॉली ओढाले चालीन."

त्याचा डोळा माझ्या गाडीवर तीन वर्षांपासून आहे. मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. शेजारचा पंक्चरवाला काम सोडून बघायला आला होता, एवढं सांगितलं तरी पुरे.

शनिवारी सकाळच्या एसटीने अकोल्याला गेलो. तिथे गावंडे म्हणून म्हातारे भंगारवाले आहेत. दुकानात जुने डबे कलिंगडांसारखे रचलेले. माझ्या गाडीचा डबा निघाला. त्यांनी भाव सांगितला, मी निम्मा म्हणालो. ते हसले, मी हसलो नाही. अर्धा तास गेला. थोडं ते उतरले, थोडा मी चढलो. मग मी म्हणालो, "ठीक आहे, पण वरून दोन हबची झाकणं द्याची."

"झाकनं कायले?"

"कायले म्हंजे? एवढा डबा घेऊन राहिलो, वरून काही नाही देत?"

ही माझी सवय आहे. वरून काही घेतल्याशिवाय सौदा झाला असं मला वाटत नाही. भाजी घेतली तर वरून दोन मिरच्या. पाइप घेतला तर वरून एक कपलिंग. गावंडे नाही म्हणाले. मी डबा खाली ठेवला आणि चालू लागलो. हीसुद्धा माझी पद्धत आहे. पाच-सात पावलं गेलं की मागून हाक येतेच.

हाक आली. पण सौद्याची नव्हती.

"ओ भाऊ! डबा खराब हाये हे पाह्यलं कोनं?"

"मेकॅनिकनं सांगतलं."

"सांगतलं का पाह्यलं?"

मी थांबलो. ते म्हणाले, "हब फ्री ठेवा, लिव्हर फोर-व्हीलवर टाका अन् गाडी धा फूट चालवा. पुढचा शाफ्ट फिरला त डबा जित्ता हाये. मंग माया डबा नेऊन काय पूजा करसान? विकलेला माल मी वापस घेत नाई, म्हनून अगुदर सांगून राहिलो."

रिकाम्या हाताने परत येताना मूर्तिजापूरपर्यंत मी स्वतःवरच चिडून बसलो होतो. दोनशे फुटांखाली पाण्यात बुडालेल्या पंपाचं काय बिघडलं ते मी वरून तारा तपासून सांगतो. आणि दारात उभ्या गाडीबद्दल दुसऱ्याने फडक्याला हात पुसत सांगितलेलं ऐकून अकोला गाठलं होतं. ठरवलं, आता कोणाला विचारायचं नाही. बघायचं ते स्वतः.

रविवारी सकाळी सुनंदाला, म्हणजे बायकोला, हाक मारली. ती अंगणवाडी सेविका आहे. तिच्या पिशवीतला खडू घेऊन पुढच्या शाफ्टवर जाड पांढरा पट्टा ओढला. तिला बाजूला, सुरक्षित अंतरावर वाकून बघायला सांगितलं. हब फ्री, लिव्हर फोर-व्हीलवर. गाडी हळूच दहा फूट पुढे घेतली.

"फिरून राहिला का?"

"कोन?"

"शाफ्ट!"

"वरडता कावून? फिरून राहिला ना गरगर!"

म्हणजे डबा ठणठणीत होता. ताकद शाफ्टपर्यंत येत होती आणि पुढे कुठेतरी अडत होती. मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं उजवं चाक जॅकवर उचललं, अॅक्सलखाली लाकडी ठोकळे दिले. हब लॉक केलं आणि चाक हाताने फिरवलं. हब नीट असेल तर चाकाबरोबर आतला अॅक्सलही फिरायला हवा. चाक फिरलं, अॅक्सल जागचा हलला नाही. डावीकडेही तेच.

हबला सहा बोल्ट असतात. तीन निघाले. चौथा मी मेटेचं नाव घेऊन ओढला आणि त्याचं डोकं तुटलं. तो तुकडा काढण्यात दोन तास गेले. सुनंदा चहा ठेवून गेली, तो तिथेच गार झाला.

झाकण उघडलं तर आत पिवळं जाड ग्रीस. श्रीखंडाच्या डब्यासारखं काठोकाठ भरलेलं. हबच्या आत दात्यांची एक रिंग असते. चकती लॉकवर आली की स्प्रिंग तिला ढकलते आणि ती अॅक्सलच्या दात्यांत जाऊन बसते. तिला सरकायला जागा लागते. इथे त्या जागेत ग्रीस ठासलेलं होतं. रिंग अर्ध्यावर रुतून बसली होती.

"पाह्य!" मी ओरडलो. "मेटेचे धंदे पाह्य! मुद्दाम भरलं त्यानं. गाडी बंद पडली की याले भंगारात भेटते!"

सुनंदा जवळ आली, वाकली, बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"तुमीच त म्हनलं होतं."

"मी?"

"मी गाडीतच बसली होती ना. तो म्हने, भाऊ, बेअरिंगले पुरे झालं. तुमी म्हनलं, एवढी मजुरी घेतं, त वरून ग्रीस टाकाले हात आखडते काय? भर अजून. हबातबी भर. तो नको नको म्हनत होता. तुमी ग्रीसचा डबाच घेतला त्याच्या हातातून."

मला ते आठवलं. डब्याचा निळा रंगसुद्धा आठवला.

मी दोन्ही हब डिझेलने धुतले, दाते टूथब्रशने साफ केले, बोटाच्या टोकावर येईल एवढंच पातळ ग्रीस लावलं. तुटलेल्या बोल्टच्या जागी नवा बोल्ट घालून झाकणं कसली. चाक फिरवलं. अॅक्सल बरोबर फिरला. दिवेलागणीला गाडी जॅकवरून उतरवली.

सोमवारी गाडीत मोटर होती, पाइप होते, शेजारी मॅडम होत्या. चढाच्या पायथ्याशी उतरलो, दोन्ही हब लॉक केले, लिव्हर ओढला. जिथे गुरुवारी घसरलो होतो तिथे मागची चाकं पुन्हा थोडी फिरली. मग पुढच्या चाकांनी मुरूम पकडला. गाडी वरच्या विहिरीपर्यंत न थांबता गेली. मॅडमनी या वेळी कडी धरली नव्हती. त्यांनी फक्त विचारलं, "काय बदललं?"

"काही नाही मॅडम. जास्तीचं होतं ते काढलं."

वर्क ऑर्डर त्याच आठवड्यात निघाली. माझ्या नावाची.

सोमवारी परत येताना मेटेच्या गॅरेजसमोर गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. तो बाहेर आला.

"डबा भेटला काय अकोल्याले?"

"डबा चांगला होता. हबात ग्रीस होतं."

त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "मी नको म्हनत होतो, भाऊ."

"मग शुक्रवारी कावून नाही सांगतलं?"

"आठोलंच नाही. अन् तुमी बोलू देता काय कोनाले?"

माझा राग गेलेला नाही. गाडीखाली न वाकता डबा गेला म्हणणाऱ्या माणसावर का राग धरू नये ते मला कोणी सांगावं. पण ग्रीसबद्दल मी त्याला त्यानंतर काही बोललो नाही.

भाजीवाल्याकडून मी आजही वरून दोन मिरच्या घेतो. हबला मात्र बोटाच्या टोकावरचं ग्रीस लागतं, आणि ते बोट माझंच असतं.