पिस्ता रंगाच्या कुर्त्या

१२ मे २०२५ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या सकाळी, दीपमाला मेश्रामच्या खात्यात अकरा हजार तीनशे चाळीस रुपये जमा झाले. बेचाळीस कपड्यांचे फोटो काढून दिल्याची ती मजुरी होती. विहारात जायला पांढरी साडी नेसून बसलेल्या दीपमालाने मोबाइलवरचा आकडा दोनदा वाचला आणि मगच चहा घेतला.

दीपमालाची उमेदीची वर्षे नागपूरच्या गांधीबागेत, ओमप्रकाश शेठच्या कापड दुकानात गेली. साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून ती अशी वळायची, की गिऱ्हाइकाची नजर किमतीच्या चिठ्ठीवरून उठून काठावर जायची. पुढे गिऱ्हाईक मोबाइलवर गेले आणि काउंटर ओस पडला. शेठने ऑनलाइन दुकान काढले तेव्हा ती म्हणाली, "शेठजी, दुकानातला कपड्यांचा पुतळा तेवढा द्या. फोटो मी काढून पाहते."

पुतळा तिने ऑटोत शेजारी बसवून हुडकेश्वरला घरी आणला. गल्लीतल्या शोभाताईंनी दारातूनच विचारले, "काहून वं, पाहुणी आणली का? जेवते का काही?"

पाहुणी जेवत नव्हती, पण घर चालवू लागली. गच्चीवरच्या भिंतीपुढे दीपमाला पुतळ्याला कपडा घालायची, पाठीमागे पिना लावून तो अंगाबरोबर बसवायची, सावली पडली की बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरायची. शेठने मात्र बेचाळीस कपड्यांचा हा लॉट परीक्षेचा ठेवला होता. माल परत न येता खपला तर वर्षभराचे काम तिचे, नाहीतर एक स्टुडिओवाला रांगेत उभाच होता.

एप्रिलात ऊन तापले तसे सासऱ्यांना राहवेना. आनंदरावांनी बाजारातून हिरवी जाळी आणली आणि गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली.

"बाबा, एवढी कायले?"

"उन्हात मरशीन वं पोरी! फोटो तं निघतील, पण तूच निघून जाशीन."

त्या जाळीच्या गारव्यात बेचाळीस कपड्यांचे फोटो निघाले. तिथेच बसून तिने ते तपासले आणि पाठवले.

चहा संपतो तोच शेठचा फोन आला. आवाजात लाडू फुटत होते. "दीपमालाबाई, कमाल केली! पिस्ता कुर्तीच्या एका रात्रीत सदतीस ऑर्डरी. पण गोडाऊनमध्ये पिस्ता माल दिसूनच नाही राहिला. कुठं ठेवला?"

"पिस्ता? त्या लॉटमध्ये पिस्ता नव्हताच शेठजी."

"अहो, फोटो आहे ना! आमच्या सुनेनं, सोनिकानं, फोटो बघूनच रंग लिहिला."

दीपमालाने फोटो उघडला. कुर्ती ओळखीची होती. पांढऱ्यावर पांढऱ्या धाग्याची कढाई, गळ्याशी दोन गोंडे. फोटोत मात्र ती खरोखरच पिस्ता रंगाची होती. मोबाइल तिने स्वतःच्या पांढऱ्या पदरावर ठेवून पाहिला. रंगातला फरक लख्ख दिसला. पण झाले कसे? ती तशीच गच्चीवर धावली.

आनंदराव विहारात जायचे पांढरे कपडे घालून, स्टुलावर चढून जाळीची सैल झालेली दोरी आवळत होते. डोक्यापासून पायापर्यंत ते पिस्ता रंगाचे दिसत होते.

"बाबा, खाली या. तुमचा सदरा हिरवा दिसून राहिला."

आनंदरावांनी बाहीकडे पाहिले, जाळीकडे पाहिले, मग कोपऱ्यातल्या पुतळ्याकडे. स्टुलावरून उतरताना त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हणजे हा घोळ म्या केला का वं?"

"जाळी तुमी बांधली, पण डोळे तं माहेच होते ना. जाळीखालीच बसून तपासले, त्यायले हिरवं दिसलंच नाही."

फोनवर तिने शेठपासून काही लपवले नाही. शेठ कडाडले, "सदतीस पार्सलं परत येतील! नाव जाईल दुकानाचं. त्यापेक्षा स्टुडिओवाला बरा!"

ती म्हणाली, "शेठजी, लोकांनी रंग पसंत केला आहे. गोडाऊनमधल्या पांढऱ्या कुर्त्या सुती, कढाईचा धागाही सुती. रंगवूनच देऊ ना."

शेठ म्हणाले, "परवापर्यंत पार्सलं गेली पाहिजेत. नंतर मी ऐकणार नाही."

विहारातली वंदना आटोपून ती पांढऱ्या साडीतच गांधीबागेत पोहोचली. देवराव रंगाऱ्याने मोबाइल दुरूनच पाहून परत केला. "मोबाइलच्या रंगावर मी भट्टी नाही लावत, बाई. तुमच्या मोबाइलवर पिस्ता, माह्या मोबाइलवर शेवाळ. कपडा आणा."

कपडा कुठून आणायचा? मग तिला साडीच्या फॉलचे दुकान आठवले. तिथे एकेका रंगाच्या दहा दहा छटा. फॉलची एकेक पट्टी ती दारातल्या उजेडात नेऊन फोटोशी लावू लागली.

दुकानदार वैतागला. "साडी दाखवा ना, मी देतो काढून."

"साडी नाही, दादा. फोटो आहे."

शेवटी एक पट्टी जुळली. पट्टी वीस रुपयांची, आणि पाचशेची नोट मोडायला दुकानदाराकडे सुटे नव्हते. तो म्हणाला, "न्या, नंतर द्या."

पहिली कुर्ती भट्टीतून निघाली ती मेंदीसारखी गडद. देवराव म्हणाला, "ओला रंग खोटा असतो. सुकू द्या." नागपूरच्या उन्हाचे उपकार तिने आयुष्यात प्रथमच मानले. पाणी पिऊन येईपर्यंत कुर्ती कोरडी, आणि फॉलची पट्टी तिच्यावर ठेवली तर हरवून जावी इतकी जुळलेली! दीपमाला तिथल्याच पायरीवर बसली आणि किती तरी वेळ उगाच हसत राहिली.

सगळी पार्सले मुदतीत गेली. महिना संपला तोवर दोन परत आली, तीही माप लहान पडले म्हणून. शेठने पिस्ता कुर्त्या आणखी रंगवून घेतल्या आणि फोन केला, "वर्षभराचं काम तुमचं. पण ती जाळी काढा बाई!"

जाळी आनंदरावांनी आधीच काढली होती. तिच्या जागी त्यांनी दोन जुन्या पांढऱ्या चादरी ताणून बांधल्या. त्यांच्याखाली उजेड असा मऊ पडतो, की थर्माकोल आता क्वचितच लागतो. बाकीच्या कपड्यांचे फोटो तिने तिथेच पुन्हा काढून दिले. चादरीचा एक कोपरा सुटला तरी आनंदराव आधी तिला विचारतात आणि मगच गाठ मारतात.

फॉलच्या दुकानदाराचे वीस रुपये अजून द्यायचे आहेत.