समथिंगबाईंच्या दारातल्या चपला

समथिंगबाईंना "मला माहीत नाही" असे म्हणताना मुळीच लाज वाटत नसे. इंग्रजी शिकवून पोट भरणाऱ्याने हे वाक्य उच्चारणे म्हणजे वैद्याने नाडी सापडत नसल्याचे रोग्यालाच सांगणे, असे माझे मत होते. मी स्वतः इंग्रजीचा एम.ए. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर माझा क्लास. विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही, असे कधी झालेले नाही. उत्तर चुकले, असे पुष्कळदा झाले आहे.

बाई लोणी काळभोरच्या शाळेतून निवृत्त होऊन आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायला आल्या. एकट्याच. दोन महिन्यांत त्यांच्या दारावर पाटी लागली, 'इंग्रजी शिकवले जाईल'. ती वाचून मी घरात येऊन हसलो. बाई 'आहे'ला 'हाय' म्हणत.

"मराठीत हाय म्हणणारी बाई इंग्रजीत काय दिवे लावणार?" मी सुधाला म्हणालो. सुधा म्हणजे माझी बायको. ती तांदूळ निवडत होती.

"इंग्रजीतही हाय म्हणतातच की," ती मान वर न करता म्हणाली.

समथिंगबाई हे नाव मुलांनी ठेवलेले. कशाबद्दलही विचारा, बाई म्हणायच्या, "आय नो समथिंग अबाउट इट. एव्हरीथिंग न्हाई." फळ्याच्या डाव्या बाजूला त्या नो, रिमेंबर, अंडरस्टँड, फर्गेट अशी क्रियापदे लिहीत आणि उजवीकडे समथिंग, नथिंग, एव्हरीथिंग, समबडी, नोबडी. डावीकडचा एक शब्द घ्यायचा, उजवीकडचा एक घ्यायचा आणि वाक्य करायचे. एवढे तर कुणीही शिकवील. मीही शिकवत होतो, तक्त्यासकट. बाईंची अट मात्र वेगळी होती. वाक्य खरे हवे. ते चुकले तर बाई हसून नीट करून देत, पण खोटे निघाले तर उभे राहून परत घ्यावे लागे. "चुकलं तर चालंल," त्या म्हणत, "खोटं नगं."

हे मला कसे कळले, ते सांगतो. सोसायटीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बाईंच्या खिडकीखाली होता. त्या वर्षी मी सोसायटीच्या पाण्याची जेवढी काळजी वाहिली, तेवढी महानगरपालिकेनेही वाहिली नसेल. एकदा आतून एका मुलीचा आवाज आला, "नोबडी नोज एनीथिंग अबाउट माय आजोबा." माझ्या वर्गात त्या 'आजोबा'ला लाल गोल पडला असता. बाई म्हणाल्या, "घरी जाऊन विचार त्यास्नी. उद्या समथिंग घेऊन ये." दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास आधीच व्हॉल्व्हपाशी हजर होतो. मुलगी आली. आजोबा तीस वर्षे मार्केट यार्डात पोती वाहत होते. "ही नोज एव्हरीबडी इन मार्केट यार्ड," ती म्हणाली, आणि आत टाळ्या वाजल्या. माझ्या वर्गात टाळ्या फक्त डास मारताना वाजत.

हळूहळू मी त्यांच्या दारातल्या चपला मोजू लागलो. जूनमध्ये नऊ जोड होते, दिवाळीला सत्तावीस. त्यांतले चार माझ्या ओळखीचे, म्हणजे गेल्या वर्षी माझ्या दारात निघणारे. शेवटी न राहवून मी जिन्याखाली पाटी लावली, 'येण्याजाण्याच्या वाटेत चपला काढू नयेत. काढल्यास त्या काढल्या जातील.' बाईंनी पाटी वाचली आणि मुलांना सांगितले, "सरांच्या दारात काढा. तिथं जागा हाय." त्यात टोमणा नव्हता, जागा खरोखरच होती. त्या संध्याकाळी एक पालक माझ्याकडे आले आणि दारातली गर्दी पाहून म्हणाले, "वा, तुमचा क्लास तर भरलेला दिसतो." मी नम्रपणे हसलो. दार उघडल्यावर आत तीन मुले दिसली. त्यांतले एक झोपले होते.

मग एका दुपारी त्या चपलांमध्ये निळ्या पट्ट्याचा एक जोड दिसला. डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला होता. तो चांभाराकडून मीच शिवून आणला होता.

"घरात एम.ए. असताना तू समोर जातेस?" संध्याकाळी मी विचारले.

"एम.ए. सुस्कारा टाकतो," सुधा म्हणाली. "बाई टाकत नाहीत."

यावर मी सुस्कारा टाकला.

विद्यार्थी गेले त्याचे मला दुःख झाले होते. बायको गेली तेव्हा मात्र जेवण जाईना. ती दुपारी समोर जाई, तासाभराने लाल गालांनी परत येई आणि माझ्यापुढे इंग्रजीचा एक शब्द काढत नसे. आतून तिचे हसणे ऐकू येई. तसे हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते.

संक्रांतीला बाईंनी सगळ्यांना तिळगूळ घ्यायला बोलावले. शेजारी म्हणून मलाही. रिवाज असा, की आधी एक वाक्य म्हणायचे आणि मग तिळगूळ घ्यायचा. माझी पाळी आली तेव्हा मी उठलो, घसा साफ केला आणि निर्दोष उच्चारात म्हणालो, "आय नो एव्हरीथिंग अबाउट माय वाइफ."

"वाक्य झकास हाय, सर," बाई म्हणाल्या. "खरं हाय का, ते त्यास्नीच विचारू."

सुधा उठली. पदर सावरत म्हणाली, "ही... ही डोन्ट नो समथिंग."

"डझन्ट," मी म्हणालो. सवयच ती.

"सर," बाई हळूच म्हणाल्या, "वाक्य त्यांचं हाय."

मी माझे वाक्य परत घेतले आणि तिळगूळ न घेताच घरी आलो. सुधा मागोमाग आली. मला ठाऊक नसलेले ते काय, असे मी तिला विचारले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलली. मॅट्रिकला ती इंग्रजीत दोनदा नापास झाली होती. मुलीलाच पुढे शिकायचं नव्हतं, असे तिच्या वडिलांनी आमच्या घरी सांगितले होते. लग्नाला बावीस वर्षे झाली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"लग्नानंतर माहेराहून तुम्हाला पत्र लिहिलं होतं, आठवतंय? त्यात दोन शब्द इंग्रजीत होते. तुम्ही ते लाल पेनाने दुरुस्त करून ठेवलं होतंत. मग कोण सांगेल?"

"आणि बाईंना कधी सांगितलंस?"

"पहिल्या दिवशी. आय फेल्ड, नोबडी नोज. तेच माझं पहिलं वाक्य," ती म्हणाली. "बाई म्हणाल्या, आता समबडी नोज."

बावीस वर्षे आणि एक दुपार. त्या दिवशीइतका मी कुणावर जळलो नसेन. गंमत अशी, की त्या बाईंच्या पाया पडावेसेही त्याच दिवशी वाटले. दोन्हींपैकी एकही मी त्यांना कळू दिले नाही.

पुढे दोन वर्षांनी बाईंचे गुडघे गेले आणि त्या लोणीला भावाकडे परतल्या. जाताना फळा सुधाला देऊन गेल्या. तेव्हापासून आमच्या पुढच्या खोलीत बायकांचा वर्ग भरतो. तो सुधा घेते आणि मी मागच्या बाकावर बसतो. चपला आता आमच्याच दारात असतात आणि त्यांत माझ्या सापडत नाहीत.

एका दुपारी वर्ग चालू असतानाच बाई गेल्याचा फोन आला. सुधाने खडू खाली ठेवला. मग एकेकीने उठून बाईंबद्दल एकेक वाक्य म्हटले. रडत, अडखळत, चुकत. शेवटी सुधाने माझ्याकडे पाहिले. मी उभा राहिलो. तीन वर्षे खिडकीखाली कान लावला, चपला मोजल्या. पण बाई एकट्या का राहत, त्यांची माणसे कोण होती, यातले मी काहीही कधी विचारले नव्हते.

"आय नो नथिंग अबाउट हर," मी म्हणालो.

"खरं आहे," सुधा म्हणाली. "उद्या लोणीला जाऊ. समथिंग घेऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी बाईंच्या भावाच्या दारातल्या चपला पार रस्त्यापर्यंत आल्या होत्या. सवयीने मी मोजायला लागलो. चाळीसच्या पुढे गेल्यावर सुधाने माझा हात धरला. मग मीही माझ्या काढल्या आणि त्या ओळीत शेवटी ठेवल्या.